कुत्र्या-मांजराचा डोळा लाल झाला तर घरी काय करावं आणि डोळ्यात काय घालू नये

घरातल्या कुत्र्याच्या डोळ्यातून पाणी गळायला लागलं, किंवा मांजर एक डोळा मिटून बसलं, की पहिला हात स्वयंपाकघरातल्या डब्यांकडे जातो. कोणी गुलाबजल सुचवतं, कोणी मधाचं बोट फिरवायला सांगतं, आजी तुपाचा थेंब म्हणते, तर शेजारच्या काकू धन्याचं पाणी. या सगळ्यामागे माया असते. मुकं जनावर, दुखतंय हे दिसतंय, रविवारी दवाखाना बंद, आणि हातावर हात ठेवून बसवत नाही.

घरगुती उपायांना माझा विरोध नाही. डोळ्यांसाठी खरोखर उपयोगी असे काही उपाय आहेत, स्वस्त आहेत आणि कुणालाही जमतील असे आहेत. पण त्यांतले जवळजवळ सगळे मिटलेल्या पापणीवर, म्हणजे डोळ्याच्या बाहेर करायचे असतात. डोळ्याच्या आत आपल्या हाताने सोडण्याजोगी गोष्ट जवळपास एकच, ती म्हणजे निर्जंतुक सलाइन. बाकीच्या गोष्टी का नकोत, हे डोळ्याची रचना पाहिली की कळतं.

डोळ्याच्या रंगीत भागासमोर घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो. तो कॉर्निया. कुत्र्या-मांजरात त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर, फार तर किंचित जास्त. त्यातून आरपार दिसायला हवं म्हणून त्यात रक्तवाहिन्या नसतात. त्याला बाहेरून अश्रू पोसतात आणि आतून डोळ्यातला द्रव. रक्त नाही म्हणजे शरीराची संरक्षक फौजही तिथे उशिरा पोहोचते. हाताला खरचटलं तर दोन दिवसांत खपली धरते, तसं इथे होत नाही. मज्जातंतू मात्र इथे दाटीवाटीने असतात, त्यामुळे नखाचा बारीक ओरखडासुद्धा असह्य दुखतो.

त्यावर अश्रूंचा थर असतो. सगळ्यात आत चिकट श्लेष्म, मधे खारट पाणी आणि वरून तेलाचा अगदी पातळ पापुद्रा, म्हणजे पाणी उडून जायला नको. या पाण्याचा मोठा वाटा येतो तो तिसऱ्या पापणीच्या ग्रंथीतून. नाकाच्या बाजूच्या कोपऱ्यात जी पांढुरकी-गुलाबी पापणी कधीकधी अर्धवट वर आलेली दिसते, ती ही. काही पिल्लांमध्ये ही ग्रंथी बाहेर डोकावते आणि कोपऱ्यात लाल गोळी दिसते. डॉक्टर याला ‘चेरी आय’ म्हणतात. ती गोळी कापून टाकायला सांगणारे अजूनही भेटतात. कापली की त्या डोळ्याचं निम्म्याच्या आसपास पाणी तुटू शकतं आणि जन्माचा कोरडेपणा मागे लागतो. गोळी शस्त्रक्रियेने परत आत बसवून शिवतात, तोच योग्य उपाय. कुठल्याही थेंबाने किंवा शेकाने ती कायमची आत जात नाही.

म्हणजे डोळ्यात जे काही सोडायचं त्याच्या तीन अटी झाल्या: त्यात एकही जंतू नको, खारटपणा अश्रूंइतका हवा, आणि ते आंबटही नको नि चुन्यासारखं अल्कधर्मीही नको. स्वयंपाकघरातली एकही वस्तू या तिन्ही अटी पाळत नाही. वस्तू नैसर्गिक आहे की कारखान्यातली, हा इथे प्रश्नच नाही.

आधी दुखतंय का ते बघा

लालपणा हा एक आजार नाही. धुळीनेही डोळा लाल होतो आणि दोन दिवसांत दृष्टी घालवणाऱ्या काचबिंदूनेही. लांबून दोन्ही सारखेच दिसतात. फरक ओळखायला घरच्या माणसाच्या हातात एक चांगली खूण आहे: जनावर डोळा उघडा ठेवतंय का?

पाणी गळतंय, थोडी लाली आहे, पण डोळा टपोरा उघडा आहे, खाणं-खेळणं नेहमीसारखं आहे, तर सलाइनने धुऊन दिवसभर वाट बघता येते. डोळा मिचकावतंय, अर्धा मिटून ठेवतंय, उजेडापासून तोंड फिरवतंय, पंजाने चोळतंय किंवा गालिच्यावर तोंड घासतंय, तर आत दुखतंय. दुखणारा डोळा त्याच दिवशी डॉक्टरांनी बघायला हवा, मग तो वरवर कितीही बरा दिसो. कुत्री आणि विशेषतः मांजरं दुखणं लपवण्यात पटाईत असतात. खाणं चालू आहे म्हणजे दुखत नाही, असं धरून चालू नका.

दुसरी खूण एका डोळ्याची की दोन्ही डोळ्यांची. दोन्ही डोळे एकदम बिघडले तर धूर, धूळ, परागकण, विषाणू, किंवा अंगातला एखादा आजार असण्याची शक्यता जास्त. एकच डोळा अचानक मिटला, तर आत काहीतरी गेलंय किंवा लागलंय असं धरायचं. हा ठोकताळा आहे, कायदा नाही, पण डॉक्टरांना फोनवर सांगायला फार उपयोगी पडतो.

आपल्याकडे डोळ्यात नेमकं काय जातं

धुराचं आधी सांगते. डासांची कॉइल, धूप, उदबत्ती, दिवाळीचे फटाके, आणि लाद्या पुसल्यावर राहिलेला फिनेलचा वास. कुत्र्या-मांजराचं नाक आपल्या गुडघ्याच्याही खाली असतं. कॉइल जमिनीवर ठेवलेली असते आणि फिनेलही जमिनीवरच. यावर उपाय म्हणजे कॉइल बंद करणं आणि लादी कोरडी होईपर्यंत त्यांना दुसऱ्या खोलीत ठेवणं. याहून नैसर्गिक उपचार कुठला?

कुसळाची गोष्ट वेगळी. पावसाळा सरला, ऑक्टोबर-नोव्हेंबरात माळरानावरचं गवत वाळलं की त्याची टोकदार कुसळं सुटतात. कपड्यात अडकलेलं कुसळ चिमटीत धरून उलटं ओढून बघा, निघत नाही. त्यावरचे बारीक केस एकाच दिशेला कललेले असतात, त्यामुळे ते फक्त पुढेच सरकतं. डोळ्यात गेलेलं कुसळ तसंच सरकत तिसऱ्या पापणीमागे जाऊन बसतं. बाहेरून काहीच दिसत नाही, आणि प्रत्येक उघडझापीला ते कॉर्नियावर घासत राहतं. सकाळी फिरून आलेला कुत्रा दुपारी एक डोळा घट्ट मिटून बसला असेल तर पहिला संशय कुसळाचा. धुऊन ते निघेलच असं नाही. डॉक्टर बधिर करणारा थेंब घालून चिमट्याने तिसरी पापणी उचलतात आणि मागून ते काढतात. बऱ्याचदा दोन-चार मिनिटांचं काम असतं, पण त्यासाठी डोळा बधिर असावा लागतो. घरी कापसाची काडी फिरवून ते काढायला जाऊ नका.

आणि दोन गोष्टी, ज्यांत एक मिनिटही घालवायचं नाही. पहिली चुना. पानाच्या डबीतला असो की रंगकामाचा, तो डोळ्यात गेला की पेशींचा स्निग्ध भाग विरघळवत आत आत उतरत जातो. दुसरी रुई, शेर, निवडुंग यांचा पांढरा चीक. रुईचं झाड तर मारुतीच्या देवळाजवळ, ओसाड प्लॉटवर सगळीकडे उगवतं, आणि पिल्लं पानं चावतात. तिचा चीक कधीकधी फारसा न दुखता कॉर्निया धूसर करतो, म्हणून लोक गाफील राहतात. या दोन्हींत सलाइन शोधत बसायचं नाही. हाताशी असेल त्या स्वच्छ पाण्याने, नळाच्यासुद्धा, बारीक धारेने निदान पंधरा-वीस मिनिटं डोळा धुवायचा. चुन्याचे खडे दिसले तर ओल्या गॉझने टिपून घ्यायचे, आणि मग गाडी काढायची. चुन्यावर उतारा म्हणून लिंबू किंवा व्हिनेगर घालायचं नाही. एका जखमेवर दुसरी होते.

सलाइन, आणि ते वापरायचं कसं

मेडिकलमध्ये ‘नॉर्मल सलाइन’ म्हणून 100 मिलिलिटरची सीलबंद बाटली मिळते. तीत सोडियम क्लोराइड 0.9 टक्के, म्हणजे लिटरला 9 ग्रॅम मीठ असतं. अश्रूंच्या खारटपणाशी हे जवळजवळ जुळतं, म्हणून ते झोंबत नाही. बाटलीवरचं लेबल वाचूनच घ्या. ‘डीएनएस’ लिहिलेली तशीच दिसणारी बाटली असते, तीत ग्लुकोजची साखर असते, ती डोळ्यासाठी नाही. 3 टक्के किंवा 5 टक्के सलाइनही वेगळ्या कामाचं. कॉन्टॅक्ट लेन्स धुण्याचं द्रावण तर अजिबात नको, काहींत हायड्रोजन पेरॉक्साइड असतं आणि ते कॉर्निया भाजून काढतं.

घरी मीठ-पाणी उकळून करायची वेळ आलीच तर चमच्याच्या अंदाजाने नको. वजनकाट्यावर 9 ग्रॅम साधं मीठ मोजा, एक लिटर पाण्यात उकळा, झाकून निववा, त्याच दिवशी वापरा आणि उरलेलं ओता. सीलबंद बाटली इतकी स्वस्त असते की हा खटाटोप अडीअडचणीपुरताच. उघडलेली बाटलीही फ्रीजमध्ये झाकून ठेवून दुसऱ्या दिवसापर्यंतच.

धुताना हात साबणाने स्वच्छ. बाटली कोमट पाण्याच्या भांड्यात थोडा वेळ उभी करा आणि मनगटाच्या आतल्या बाजूवर थेंब टाकून बघा, गार किंवा गरम काहीच जाणवता कामा नये. कुत्रं दोघांनी धरलेलं बरं, एकाने छातीशी घेऊन मान सांभाळायची, दुसऱ्याने धुवायचं. मांजराला टॉवेलमध्ये घट्ट गुंडाळा, फक्त डोकं बाहेर ठेवा, नाहीतर तिच्या नखांनी तुमचे हात आणि त्या गडबडीत तिचाच डोळा ओरबाडला जातो. समोरून बाटली आणली की ती बिचकतात. डोक्याच्या मागून हात आणा, अंगठ्याने वरची पापणी हलकेच उचला आणि नाकाकडच्या कोपऱ्यातून बाहेरच्या बाजूला धार सोडा. बाटलीचं तोंड डोळ्याला लागू देऊ नका.

चिपडं वाळून पापण्यांना चिकटली असतील तर ओढायची नाहीत. सलाइनमध्ये भिजवलेला गॉझचा तुकडा मिटलेल्या डोळ्यावर मिनिटभर धरून ठेवला की ती आपोआप मऊ पडून सुटतात. एका तुकड्याने एकदाच पुसायचं आणि तो टाकून द्यायचा. दोन्ही डोळ्यांना वेगळे तुकडे, आणि आधी चांगला डोळा. कापूस वापरू नका, त्याचे तंतू पापणीत अडकतात आणि नवी खाज सुरू होते.

याच्या जोडीला शेक. पापणीच्या कडेला रांजणवाडी आली असेल, कडा सुजून खरखरीत झाल्या असतील, तर कोमट पाण्यात पिळलेला मऊ कपडा मिटल्या डोळ्यावर पाचेक मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. त्याने पापणीतल्या तेलाच्या ग्रंथी मोकळ्या होतात. गाजर गवताच्या परागकणांनी किंवा गांधीलमाशी चावून पापणी सुजली असेल तर गार शेक, बर्फ कपड्यात गुंडाळून. सुजेत जनावराला धाप लागली, उलट्या झाल्या तर शेक बाजूला ठेवून थेट दवाखाना.

आणखी एक उपाय लोक उपाय म्हणून मोजतच नाहीत: चोळू न देणं. मूळ इजेपेक्षा चोळण्याने झालेली इजा बहुधा मोठी असते. गळ्यात घालायचा प्लास्टिकचा कोन पहिले काही तास त्यांना नकोसा होतो, ती भिंतींना धडकतात, बघवत नाही. तरी काढू नका. कोन घातलेला डोळा आणि न घातलेला डोळा यांच्या बरं होण्यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

मध, तूप, चहा आणि बाकीची मंडळी

मधाबद्दल लोकांचा विश्वास अगदीच निराधार नाही. मध जंतूंची वाढ रोखतो, जखमांवर त्याचा उपयोग होतो, आणि डोळ्यांसाठी मधापासून केलेली काही औषधंही जगात मिळतात. पण तो मध किरणोत्साराने निर्जंतुक केलेला आणि ठरावीक प्रमाणात पातळ केलेला असतो. आपल्या बरणीतल्या मधात जीवाणूंचे बीजाणू असू शकतात, आणि त्याचा गोडवा पेशीतलं पाणी ओढून घेतो, म्हणून जोरात झोंबतो. झोंबलं की कुत्रं चोळतं आणि चोळलं की ओरखडा. मधाची कीर्ती खरी, पण आपल्या घरचा मध डोळ्याचा नाही.

तुपाने काही बरं होत नाही. ओरखडा असेल तर तुपाच्या थराखाली धूळ आणि जंतू अडकून बसतात. आयुर्वेदात माणसांसाठी तुपाने नेत्रतर्पण करतात, पण ते वैद्य डोळा तपासून, औषधी तुपाने, डोळ्याभोवती पिठाचं कडं करून करतात. ओट्यावरच्या बरणीतून थेंब सोडणं हा तो उपचार नव्हे. एरंडेलाचंही तसंच. कोरड्या डोळ्यांच्या काही थेंबांत एरंडेल असतं, पण शुद्ध, निर्जंतुक, नेमक्या प्रमाणात.

चहाच्या पिशव्या आणि कॅमोमाइलचा काढा हे परदेशातून आलेले सल्ले. गार चहापिशवी मिटलेल्या डोळ्यावर ठेवली तर बरं वाटतं ते गारव्यामुळे. तो गारवा साध्या ओल्या कपड्यानेही मिळतो, आणि त्याने पांढऱ्या केसांवर डाग पडत नाहीत. काढा उकळला तरी गाळून, निवून, वाटीत उघडा राहिला की तो निर्जंतुक राहत नाही. त्रिफळ्याचं आणि धन्याचं पाणी यालाही हेच लागू, वर त्यांत चूर्णाचे बारीक कण राहतात आणि ते कॉर्नियावर घासतात.

हळदीचे कण खरखरीत. तुरटी आंबट आणि आकसून टाकणारी. बोरिक पावडर चाटली गेली तर पोटात विष होते, आणि मांजर तर अंगावरचं सगळं चाटूनच काढते. बाजारातल्या गुलाबजलात सुगंध आणि टिकवणारी रसायनं असतात, आणि बाटली महिनोन्‌महिने उघडी. कोरफडीच्या सालीखालचा पिवळा चीक पोटात गेला की कुत्र्या-मांजरांना उलट्या-जुलाब होतात. काजळ-सुरम्यात शिसं सापडतं. टी ट्री तेल, निलगिरी, कापूर हे डोळ्याच्या आसपासही नकोत, मांजरांना तर त्यांच्या वाफाही बाधतात. डेटॉल, सॅव्हलॉन यांबद्दल वेगळं सांगायला नको, पण सांगते, कारण पापणीजवळची जखम पुसताना लोक ते वापरतात आणि एक ओघळ डोळ्यात जातो.

युफ्रेशियाचे होमिओपॅथी थेंब आपल्याकडे घरोघरी आहेत. कुत्र्या-मांजरांच्या डोळ्यांवर त्यांनी गुण येतो असा भरवशाचा पुरावा नाही. त्यातला खरा धोका म्हणजे थेंब घालत बसण्यात जाणारे चार दिवस.

मेडिकलमधून सुरक्षितपणे आणता येईल अशी सलाइनखेरीज एक गोष्ट म्हणजे साधे कृत्रिम अश्रू, कार्बोक्सीमिथाइल सेल्युलोज किंवा सोडियम हायलुरोनेटचे. धुळीने कोरड्या झालेल्या डोळ्याला त्यांनी आराम पडतो. मात्र ‘लाली घालवणारे’ थेंब वेगळे. त्यातलं औषध रक्तवाहिन्या आवळतं, आणि ते चाटलं गेलं तर छोट्या कुत्र्याचं किंवा मांजराचं हृदय मंदावू शकतं.

कपाटातली जुनी बाटली

माझ्या मते सगळ्यात जास्त डोळे बिघडवतात ते मध किंवा तूप नव्हेत, तर घरात कुणाचे तरी डोळे आले असताना आणलेले आणि उरलेले थेंब. त्यांतल्या पुष्कळ बाटल्यांत प्रतिजैविकासोबत स्टेरॉइड असतं, डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन. नुसत्या लालीवर ते जादूसारखं काम करतं. पण कॉर्नियावर ओरखडा असेल तर तिथे आजूबाजूच्या पेशी सरकत येऊन जखम झाकत असतात आणि स्टेरॉइड ते काम थांबवतं. जंतूंना रान मोकळं मिळतं, कॉर्नियाची वीण विरघळवणारी द्रव्यं जोर धरतात, आणि पडदा अक्षरशः वितळायला लागतो. अशा जखमेतून एका दिवसातही डोळा फुटू शकतो.

ओरखडा आहे की नाही हे नुसत्या नजरेने डॉक्टरांनाही खात्रीने सांगता येत नाही. म्हणून ते फ्लुरोसिन नावाच्या रंगाची नारिंगी पट्टी ओली करून डोळ्याला टेकवतात, सलाइनने धुतात आणि खोलीतला दिवा मालवून निळा उजेड टाकतात. कॉर्निया अखंड असेल तर रंग धुऊन जातो. जखम असेल तिथे हिरवागार ठिपका चमकून उठतो. एकदा स्वतःच्या डोळ्यांनी तो ठिपका बघितला की उरलेल्या थेंबांची बाटली आपोआप कचऱ्यात जाते. लाल डोळ्यासाठी गेलात आणि ही चाचणी न करताच थेंब लिहून मिळाले, तर नम्रपणे विचारा, “डॉक्टर, रंग घालून बघता का?” चांगल्या डॉक्टरांना याचा राग येत नाही.

साधा वरवरचा ओरखडा योग्य औषधाने साधारण आठवड्याभरात भरतो. नाही भरला तर कारण शोधावं लागतं: आत वळलेली पापणी, चुकीच्या जागी उगवलेला केस, राहून गेलेलं कुसळ.

मांजराची पिल्लं

सोसायटीच्या जिन्याखाली सापडणाऱ्या पिल्लांचे डोळे पिवळ्या चिपडांनी चिकटलेले असतात. याचं कारण बहुतेक वेळा मांजरांचा हर्पीस विषाणू, कधी क्लॅमिडिया हा जीवाणू, कधी दोन्ही, आणि जोडीला सर्दी-शिंका. अशा पिल्लांना दर काही तासांनी कोमट सलाइनने डोळे मोकळे करून देणं हीच मोठी मदत आहे. नाकही पुसा. मांजराला वास आला नाही तर ते खात नाही, आणि पिल्लाचं खाणं थांबलं की ते फार लवकर खचतं. पण नुसत्या धुण्यावर ठेवू नका, डोळ्यातलं मलम आणि बऱ्याचदा पोटातलं औषधही लागतं. पिल्लांचे डोळे जन्मानंतर एक ते दोन आठवड्यांत उघडतात. त्याआधीच बंद पापणीमागे फुगवटा दिसला तर आत पू साठलाय, आणि तो त्याच दिवशी डॉक्टरांकडून मोकळा करून घ्यावा लागतो, नाहीतर डोळा जातो.

हर्पीस एकदा आला की अंगात दबून राहतो. घर बदललं, नवीन मांजर आलं, बोर्डिंगमध्ये ठेवलं की डोळा पुन्हा वाहायला लागतो. यावर लायसिनची पावडर ‘नैसर्गिक’ म्हणून वर्षानुवर्षं विकली गेली. 2015 साली तिच्यावरच्या सगळ्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला आणि तिचा उपयोग होत नाही, ती थांबवावी असा निष्कर्ष निघाला. लसीकरण, लपायला जागा, ठरलेल्या वेळी जेवण आणि प्रत्येक मांजराला शी-शूसाठी स्वतःची ट्रे, यांचा उपयोग होतो. आजारी पिल्लू बाकीच्या मांजरांपासून वेगळं ठेवा आणि त्याला हात लावल्यावर हात धुवा. क्लॅमिडिया क्वचित माणसालाही लागतो.

पुन्हा पुन्हा येणारी चिपडं

शिट्झू, ल्हासा, पग, कॉकर या जातींच्या कुत्र्यांच्या बाबतीत एक तक्रार नेहमी ऐकू येते: डोळ्यात घट्ट, तारेसारखी चिपडं येतात, थेंबांनी बरं वाटतं, थांबवले की परत. घरचे बिचारे रोज धूत राहतात. बऱ्याचदा हा संसर्ग नसतोच, डोळा कोरडा पडलेला असतो. पाण्याचा थर तुटतो, श्लेष्म तेवढा उरतो, तोच चिपडासारखा दिसतो. डोळ्याची चमक गेलेली असते. डॉक्टर कागदाची एक बारीक पट्टी खालच्या पापणीत मिनिटभर अडकवतात. 15 मिलिमीटर किंवा जास्त भिजली तर ठीक, 10 पेक्षा कमी असेल तर कोरडेपणाचा संशय. यावर सायक्लोस्पोरिनचं मलम बहुधा जन्मभर घालावं लागतं, पण त्याने डोळे वाचतात. काही सल्फा औषधांनीही असा कोरडेपणा येतो, ती चालू असतील तर डॉक्टरांना सांगा.

पांढऱ्या कुत्र्यांच्या डोळ्यांखालचे तांबूस डाग हा बहुधा आजार नसतो. अश्रूंतलं पॉर्फिरिन केसांवर वाळून तो रंग येतो. केस बोथट टोकाच्या कात्रीने छोटे ठेवा, जागा दिवसातून दोनदा कोरडी करा, बस. डाग घालवणाऱ्या काही पावडरींत टायलोसिन हे प्रतिजैविक असतं, आणि अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रण संस्थेने, 2014 साली अशा उत्पादकांना समज दिली होती. डागांसाठी रोज प्रतिजैविक खाऊ घालणं मला तरी कधीच पटलं नाही.

एक तासही थांबू नका, असं कधी

डोळ्यावर निळसर किंवा पांढरी झाक आली, दोन बाहुल्या लहान-मोठ्या दिसल्या, डोळ्यात रक्त दिसलं, डोळा फुगल्यासारखा वाटला, जनावर अचानक वस्तूंना धडकायला लागलं, तर रात्र असली तरी फोन करा. काचबिंदूत डोळ्यातला दाब चढतो आणि एक-दोन दिवसांत दृष्टी जाते, ती परत येत नाही. गोचीडताप झालेल्या कुत्र्यांत डोळ्याच्या आत सूज किंवा रक्त येऊ शकतं, म्हणून लाल डोळ्यासोबत ताप, सुस्ती, नाकातून रक्त असं काही दिसलं तर रक्ततपासणी करून घ्या. कुत्र्याच्या पिल्लाला पिवळी चिपडं, खोकला, जुलाब एकत्र दिसले आणि लस झालेली नसेल तर डिस्टेंपर या विषाणूच्या आजाराचा विचार करावा लागतो.

पग, पेकिंगीज, पर्शियन अशा चपट्या तोंडाच्या जनावरांसाठी वाट बघण्याची सवलत नाही. त्यांचे डोळे इतके बाहेर असतात की पापण्या नीट मिटत नाहीत. मारामारीत किंवा मान घट्ट धरून ओढल्याने पगचा डोळा खोबणीबाहेर येऊ शकतो. तसं झालं तर तो आत ढकलू नका, सलाइनमध्ये भिजवलेला गॉझ त्यावर हलकेच ठेवा, ओला राखा आणि निघा. जवळ मोठा दवाखाना नसेल तर परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत शस्त्रक्रिया विभाग आहेत, आधी फोन करून वेळ विचारून घ्या.

एक नैसर्गिक उपाय मात्र खऱ्याखुऱ्या गंभीर जखमेवर डॉक्टर स्वतः वापरतात, आणि तो मला फार आवडतो. कॉर्निया वितळायला लागला की त्याच कुत्र्याचं रक्त काढतात, ते फिरवून वरचा पिवळसर द्रव, म्हणजे सीरम, वेगळा करतात आणि त्याचेच थेंब डोळ्यात घालतात. वीण विरघळवणाऱ्या द्रव्यांना रोखणारे घटक आणि जखम भरायला मदत करणारे घटक दोन्ही त्यात असतात. हे सगळं निर्जंतुक पद्धतीने होतं, बाटली फ्रीजमध्ये ठेवायची आणि सांगितलेल्या दिवशी फेकून द्यायची. सोबत प्रतिजैविक असतंच.

दवाखान्यात निघताना शक्य असेल तर चिपडं पुसण्याआधी डोळ्याचा फोटो काढून ठेवा. त्याआधी घरात डोळ्यात काहीही घातलं असेल, अगदी गुलाबजल असलं तरी, संकोच न करता सांगा आणि बाटली सोबत न्या. औषध सुरू झालं की दोन वेगवेगळ्या थेंबांमध्ये किमान पाच मिनिटं जाऊ द्या, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन टाकतो. मलम नेहमी सगळ्यात शेवटी. थेंब घातल्यावर लगेच खाऊचा एक तुकडा द्या, म्हणजे पुढच्या वेळी बाटली दिसल्यावर ते सोफ्याखाली पळणार नाही. डोळा उघडा राहायला लागला आणि लाली गेली तरी डॉक्टर सांगेपर्यंत औषध आणि कोन दोन्ही चालू ठेवा, आणि पुन्हा रंग घालून बघण्याची तारीख चुकवू नका.